बेसमेंटमधली मोरी

मंडळाच्या गेल्या दोन-तीन कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. "तुमच्या घरी म्हणे शार्क आहे?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. "आमचा मुलगाही मागे लागलाय, घ्यावा का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, हो. दुसऱ्याचं उत्तर हातात श्रीखंड-पुरीचं ताट धरून देता येत नाही. संपादक म्हणाले, "मग लिहूनच द्या की!" तेव्हा आम्ही दोघांनी मिळून हा लेख लिहायला घेतला. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने "असं नव्हतं" म्हणायचं, अशी कामाची वाटणी होती. लेख लांबला आहे. पण मुलाच्या वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या पिशवीतून शार्क आणायचा ज्यांचा बेत ठरत आलाय, त्यांनी तरी तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी समुद्रातला जिवंत मासा काचेमागे पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ साली सुरू झालं. अंधारी बोळ, हिरवट उजेड, पुढच्याच्या डोक्यावरून डोकावणं आणि मागून बाईंचं "चला, पुढे सरका". तो मासा घरात ठेवता येईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. घरी फार तर बरणीत दोन गप्पी असायचे. इथे अमेरिकेत आल्यावर पाहतो तो काय, मॉलशेजारच्या दुकानात प्रवाळ, समुद्रघोडे, विंचवासारखे दिसणारे मासे, सगळं क्रेडिट कार्डावर मिळतं! आमच्या न्यू जर्सीच्या घरात खाऱ्या पाण्याची पहिली टाकी आली १९९८ साली. मुशी आली २००९ साली, तीही अंड्यातून.

मुशी म्हटल्यावर कोकणातल्या मंडळींचे कान टवकारले असतील. मुंबई-रत्नागिरीकडे जिला मुशी म्हणतात तीच मालवण-गोव्याकडे मोरी. बाजारात येणारा लहान शार्क तो हाच. आमच्याकडची जात पांढऱ्या ठिपक्यांच्या बांबू शार्कची. तळाशी राहणारी, रात्री हिंडणारी, माणसाला काही न करणारी आणि तीन फुटांच्या आसपास वाढणारी. तिची एक राखाडी चुलत बहीण भारताच्या किनाऱ्यावरही सापडते. आमच्या वेंगुर्ल्याच्या आजी सहा महिन्यांसाठी इथे आल्या होत्या. त्यांनी टाकीसमोर खुर्ची ओढून बराच वेळ निरीक्षण केलं आणि विचारलं, "ही मोरी खावची की नुसती बघूची?" तेव्हापासून तिचं नाव मोरी पडलं. घरात मोरी म्हणजे दुसरंही काही असतं हे आमच्या इथे जन्मलेल्या मुलांना माहीत नसल्याने कुणाची तक्रार आली नाही.

बांबू शार्कचं अंडं म्हणजे तपकिरी रंगाची चामड्याची चपटी पिशवी. मागून टॉर्च धरला की आतलं पिल्लू वळवळताना दिसतं. समुद्रातलं मूल मोठं होताना पाहायला काचेची खिडकीच म्हणा ना! साधारण चार-साडेचार महिन्यांनी पिल्लू बाहेर येतं, जेमतेम वीतभर. पहिले काही दिवस ते खात नाही, पोटात पिवळा बलक शिल्लक असतो त्यावर राहतं. दुकानात हेच वीतभर पिल्लू दिसतं आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. ते इतकं गोड दिसतं, अंगावर काळे-पांढरे पट्टे, मांजरासारखे डोळे, की "पन्नास गॅलनच्या टाकीत सहज मावेल" असं कुणालाही वाटावं. मावतंही, पण काही महिनेच.

आम्ही अंडं आणायच्या आधी दोन वर्षं बेसमेंटमध्ये तिची टाकी बांधत होतो. आठ फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. लाकडी चौकट, आतून लेप आणि पुढे काच. आत चारशे गॅलनच्या वर पाणी. लोक लांबी आणि उंची बघतात. मुशीला हवी रुंदी. ती तीन फुटांची असेल तर तिला न दुमडता वळता आलं पाहिजे, म्हणून चार फूट. उंचीचा तिला काडीचा उपयोग नाही, ती तळाशीच पडून असते. आता वजनाचा हिशोब करा. एक गॅलन खारं पाणी साडेआठ पौंडाच्या आसपास भरतं, म्हणजे चारशे गॅलनचे झाले चौतीसशे पौंड. त्यात दगड, वाळू, टाकीचं स्वतःचं वजन वेगळंच. हे बेसमेंटच्या काँक्रीटवर ठीक आहे. वरच्या मजल्यावर लाकडी तुळयांवर ठेवायचं म्हणाल तर आधी इंजिनियरला विचारा. (आपल्या मंडळात इंजिनियरांचा तुटवडा नाही, पण बहुतेक सगळे सॉफ्टवेअरचे.)

आता पाण्याविषयी. या छंदात मासा पाळायचा नसतो, पाणी पाळायचं असतं. पाणी जगलं तर मासा जगतो. खाऱ्या पाण्याला स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. ते नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि असंच पुष्कळ काही ठरलेल्या प्रमाणात असतं. ते तयार मिश्रण बादलीने विकत मिळतं. अंदाजे गॅलनला अर्धा कप पडतं, पण अंदाजावर भागत नाही, मोजावं लागतं. समुद्रात हजार भागांत पस्तीस भाग क्षार असतात. मोजायच्या यंत्रावर हे १.०२५ च्या जवळपास दिसतं. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, कारण त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. आमच्याकडे सिंकखाली उलट्या परासरणाचं गाळण यंत्र आहे. त्यातून थेंबथेंब पाणी रात्रभर पिंपात जमत राहतं.

हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते आणि टाकीचं पाणी भराभर उडून जातं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेली पातळी गोड पाण्याने भरून काढायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. हे एकदा कळलं की सोपं आहे. पण नवख्या घरांत मासे जातात त्यातले कितीतरी इथेच जातात. रोज थोडं थोडं खारट पाणी घातलं जातं आणि महिन्याभरात टाकीचा मृत समुद्र होतो.

दुसरी गोष्ट धीराची. मासा खातो आणि अमोनिया टाकतो. अमोनिया त्याला विषच. टाकीतल्या दगडांवर, वाळूत, फिल्टरात एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य, आणि आपण पाणी बदलून ते काढून टाकतो. हे जिवाणू बाजारातून आणून एका रात्रीत बसत नाहीत. दह्याला विरजण लावल्यासारखं आहे, फक्त विरजायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस दिवाणखान्यात पाणी आणि दगड यांचं प्रदर्शन असतं. पाहुणे विचारतात, "मासे कुठे आहेत?" आपण म्हणायचं, "येतायत." अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की मग पहिला मासा. घाई करणाऱ्यांचा पैसा दुकानदाराच्या फार आवडीचा असतो.

जिवंत दगडाची युक्ती आशियातली आहे, हे आम्हाला वाचून बरं वाटलं होतं. जाकार्ताचे ली चिन एंग या गृहस्थांनी समुद्रातले जीवजंतू लागलेले दगड आणि नुसते हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या आणि १९६१ साली त्याबद्दल अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. आता जगभर सगळे तेच करतात.

मुशीचं शरीर या बाबतीत वेगळं आहे. समुद्रातले साधे मासे सतत पाणी पितात आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. शार्क मात्र रक्तात युरिया साठवून ठेवतो, त्यामुळे आतलं आणि बाहेरचं पाणी जवळजवळ तुल्यबळ राहतं. मोरी शिळी झाली की तिला जो उग्र वास येतो तो याच युरियाचा अमोनिया झाल्याने. "मोरी ताजीच होयी" हे आजींनी ऐंशी वर्षांच्या अनुभवाने सांगितलं. आम्ही त्यामागचं रसायन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझाच बरोबर." बरोबरच होतं!

शार्कला दुसरं एक ज्ञानेंद्रिय असतं. नाकाडावर बारीक छिद्रं दिसतात, त्यांत विजेचे सूक्ष्म प्रवाह ओळखण्याची ताकद असते. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ साली या छिद्रांचं वर्णन केलं, त्यावरून त्यांना त्याचंच नाव आहे. वाळूत लपलेला खेकडा मोरी याच इंद्रियाने शोधते. पण त्याचमुळे टाकीत धातूची वस्तू किंवा गळकी वायर चालत नाही. हीटरवर ती आरामात जाऊन झोपते आणि पोट भाजून घेते, म्हणून हीटर टाकीबाहेरच्या पिंपात. वाळू मऊ, कारण ती दिवसभर पोटावर पडून असते.

आता आपल्या घरांपुरत्या काही गोष्टी, ज्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. तांबं. तांब्याच्या कलशातलं पाणी आपल्याला पवित्र, पण शार्कला आणि कोळंबीसारख्या जीवांना तांबं अगदी थोडंसुद्धा सोसत नाही. माशांच्या पुष्कळ औषधांतही तांबं असतं, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय टाकीत काही ओतू नये. इथल्या पेनीवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, १९८२ नंतरच्या पेनीत आत जस्त असतं, म्हणजे ते आणखी वाईट. लहान मुलांना पाणी दिसलं की नाणं टाकावंसं वाटतं. आमच्या टाकीला कुलूप आहे. ते चोरांसाठी नाही, सत्यनारायणाच्या पाहुण्यांच्या मुलांसाठी आहे. दुसरं, डास मारायची भारतातून आणलेली कॉइल आणि फवारे. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना अत्यंत घातक. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो हे लक्षात घ्या. उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा वाफारा याच कारणाने टाकीपासून दूर. म्हणूनच आमची टाकी देवघरापासून दोन मजले खाली आहे.

आणि शाकाहारी कुटुंबांसाठी एक स्पष्ट सूचना. मुशी भात खात नाही. तिला स्क्विड, कोळंबी, माशाचे तुकडे लागतात आणि ते फ्रीझरमध्ये तुमच्या किसलेल्या नारळाशेजारी राहतात. आमच्याकडे खाण्यात भेद नव्हता म्हणून निभावलं. एका स्नेह्यांच्या घरी यावरून वेगळा फ्रीझर घ्यावा लागला आणि तो गराजमध्ये ठेवला गेला. मुशीला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, पण एकच एक प्रकार नको. काही माशांच्या गोठवलेल्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, म्हणून तुकड्यात जीवनसत्त्वाची गोळी दडवून द्यावी लागते. शिवाय नायट्रेट वाढलं तर शार्कच्या शरीराला आयोडीन नीट घेता येत नाही आणि गळ्याखाली गाठ येते. गलगंड माणसांनाच होतो असं आम्हाला वाटायचं.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र आपल्याच आयुष्याची आहे. आपण दोन वर्षांतून एकदा डिसेंबरात चार आठवड्यांसाठी भारतात जातो. तिकिटं सहा महिने आधी, बॅगांचं वजन बाथरूमच्या काट्यावर, आणि टाकी? कुत्र्याला ठेवून घ्यायला जागा मिळते. चारशे गॅलन पाणी कुणी घरी घेऊन जात नाही. आम्ही मंडळातल्याच एका हायस्कूलच्या मुलाला तयार केलं. लहान माशांचं कोरडं खाणं औषधाच्या गोळ्यांच्या वारांच्या डबीत मोजून, मोरीचं खाणं तारखा घातलेल्या पिशव्यांत. एक नियम फळ्यावर ठळक लिहिलेला: जास्त द्यायचं नाही. मासे उपाशी मरण्यापेक्षा आपल्या पाहुणचाराने मरण्याचा धोका फार मोठा. उरलेलं अन्न कुजतं, अमोनिया वाढतो, आणि परत येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्या मुलाने चार हिवाळे टाकी उत्तम सांभाळली. पुढे कॉलेजला गेला. त्याच्या आईने आम्हाला सांगितलं की स्वतःच्या खोलीचं मात्र तेव्हाही तसंच होतं.

आता सँडी. २९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं आणि रात्री आमची वीज गेली. त्या आठवड्यात कुणाकडे काय झालं हे आपण सगळ्यांनी एकमेकांना शंभरदा सांगितलं आहे, तेव्हा फक्त टाकीचं सांगतो. वीज गेल्यावर लोकांना काळजी थंडीची वाटते. पण मोठ्या टाकीचं पाणी हळूहळू थंड होतं, त्याला एक-दोन दिवस सहज लागतात. आधी संपतो तो प्राणवायू. पंप थांबले की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही आणि दाटी असलेल्या टाकीत काही तासांत मासे वर येऊन तोंडं मिटू-उघडू लागतात. मासेमारीच्या दुकानात आमिषाच्या बादलीसाठी बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप मिळतो. आमच्याकडे तसे चार होते. वादळाची बातमी आल्यापासून बॅटऱ्यांचा साठा होता. पहिल्या रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. बंद डब्याच्या फिल्टरमधल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतोच. तो तासन् तास बंद पडला तर आत सगळं सडतं, म्हणून तो आधीच उघडून त्यातली स्पंज टाकीत तरंगत ठेवली होती. खाणं पूर्ण बंद. टाकीभोवती रजया. त्यांत एक गोधडी आजींच्या हातची.

तिसऱ्या दिवशी पाणी अडुसष्ट अंशांवर आलं. जनरेटर होता, पण पेट्रोल? तुम्हाला आठवत असेल, ३ नोव्हेंबरपासून राज्याच्या बारा जिल्ह्यांत गाडीच्या पाटीवरच्या शेवटच्या आकड्यावरून सम-विषम दिवस ठरवून दिले होते. आमच्या दोन्ही गाड्यांचा आकडा विषम. मंडळातल्या सम आकडेवाल्या एका कुटुंबाने त्यांच्या कॅनमधलं अर्धं पेट्रोल आम्हाला आणून दिलं. त्यांच्या स्वतःच्या घरात बाळ होतं. आम्ही नको म्हटलं, तर ते म्हणाले, "आमच्याकडे गॅसची शेगडी चालू आहे, तुमच्या मोरीकडे नाही." जनरेटर अंगणात ठेवून, दिवसातून तीनदा तासभर, फक्त हीटर आणि पंपापुरता चालवला. गराजमध्ये जनरेटर चालवू नका, दार उघडं असलं तरी नाही. विषारी वायूला वास नसतो आणि त्या वादळानंतर त्यापायी माणसं गेली. आमचे दोन छोटे मासे गेले. मोरी दगडाखाली पडून राहिली, कल्ले सावकाश हलत होते. आठव्या दिवशी दिवे आले. दहाव्या दिवशी तिने कोळंबी घेतली.

हे सगळं ऐकून काही जण म्हणतात, "एवढं काय त्यात, नाहीच जमलं तर समुद्रात सोडून देऊ." हे मात्र कधीही करू नका! हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लॉरिडाजवळ दिसला. कुणाच्या तरी टाकीतून सुटलेल्या किंवा सोडलेल्या माशांपासूनच तो पसरला असावा असं मानतात. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे आणि तिथले लहान मासे फस्त करतो आहे. सार्वजनिक मत्स्यालय घेईल, हा दुसरा गैरसमज. त्यांच्याकडे असे फोन नेहमी येतात आणि जागा मर्यादित असते. मोठा नर्स शार्क तर कुणालाच नको असतो. दुकानात तो फूटभर असतो, म्हणून लिहितोय. पूर्ण वाढीत तो दहा फुटांपर्यंत जाऊ शकतो. कुठल्याही घरात त्याला जागा नाही. काळ्या टोकाचा रीफ शार्क हा चित्रातल्या शार्कसारखा दिसतो म्हणून मुलांना आवडतो. त्याला श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं. शिवाय त्या कुळातल्या शार्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०२२ साली पनामाच्या परिषदेत निर्बंध ठरले. घरात शार्क ठेवायचाच असेल तर बांबू शार्क, एपॉलेट शार्क किंवा कोरल कॅटशार्क, एवढ्यांचाच विचार करा. एपॉलेट तर कल्ल्यांच्या पंखांवर चालतो. ओहोटीला डबक्यात अडकला, प्राणवायू संपत आला, तरी तग धरतो. तो पाहायला आम्हाला फार आवडतो, पण दुसऱ्या चार फुटी टाकीला आता बेसमेंटमध्ये जागा नाही आणि आमच्यात त्राणही नाही.

डेट्रॉइटच्या बेल आयल मत्स्यालयात २००२ साली आमच्या मोरीच्याच जातीच्या एका मादीच्या अंड्यांतून पिल्लं निघाली होती, आणि तिच्याजवळ कित्येक वर्षं नर नव्हता. आमच्या मोरीनेही अंडी घातली. आम्ही प्रत्येकामागे टॉर्च धरला. रिकामीच होती. आजींना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तिका सुखान जगूंदे."

मग मुलाला काय सांगायचं? आमचं मत विचाराल तर चाळीस गॅलनची टाकी, क्लाउनफिशची जोडी, एक वॉचमन गोबी आणि त्याच्या सोबतीला पिस्तूल कोळंबी. कोळंबी वाळूत बीळ खणते, तिला नीट दिसत नाही. गोबी दारात पहारा करतो. कोळंबीची मिशी त्याच्या शेपटीवर टेकलेली असते, आणि धोका दिसला की तो शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. आमची मुलं यापुढे टीव्ही विसरायची. क्लाउनफिशची गंमत अशी की सगळी पिल्लं आधी नर असतात. घरातली सगळ्यात मोठी ती मादी. ती गेली की तिचा नवरा मादी होतो. (यावर घरोघरी जी चर्चा व्हायची ती होऊ द्या.) २००३ च्या निमोच्या सिनेमानंतर जो तो हाच मासा मागू लागला. पण त्याची पैदास फ्लॉरिडात १९७० च्या दशकापासूनच होत आली आहे, तेव्हा घरात वाढवलेलाच मागा. समुद्रातून पकडलेले मासे काही ठिकाणी सायनाइडने गुंगवून धरलेले असतात. ते दुकानात ठणठणीत दिसतात आणि नंतर घरी मरतात. निळी डोरी नको. ती बोटभर दिसते पण फूटभर होते. तिची पैदास पहिल्यांदा जमली तीही २०१६ साली, फ्लॉरिडा विद्यापीठात. मँडरिन हा मोरपिसासारखा मासा सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत लवकर उपाशी मरणारा, कारण तो बहुधा दगडावरचे जिवंत सूक्ष्म कीटकच टिपून खातो. मुलाचा हट्ट शार्कचाच असेल तर कॅमडेनचं मत्स्यालय आपल्याला दूर नाही. एक दिवस तिथे घालवा आणि मग घरी आमच्याकडे या.

या लेखाला आणखी एक कारण आहे. बांबू शार्क वीस वर्षांहून अधिक जगू शकतात. मोरीला पंधरा वर्षं उलटून गेली आहेत. मुलं आपापल्या गावी गेली, दोघांच्याही अपार्टमेंटमध्ये बाथटबसुद्धा नाही. आम्ही निवृत्तीनंतर अर्धं वर्ष पुण्याला राहायचं म्हणतो आहोत, आणि ते तीन वर्षं नुसतं म्हणतोच आहोत. घर विकायला काढलं तर एजंट पहिल्यांदा विचारतो, "खालचं ते काय आहे?" पेनसिल्व्हानियातल्या एका छंदी गृहस्थांकडे मोठा गोल हौद आहे. ते तिला घ्यायला तयार आहेत. आम्ही जाऊन हौद बघून आलो, पाणी तपासून आलो. न्यायची तयारीही कळली आहे: दोन दिवस उपास, मोठं बंद पिंप, बॅटरीचा पंप, थंडी नसलेला दिवस, आणि तिला पाण्याबाहेर उचलायचं नाही, आधाराशिवाय तिच्या आतल्या अवयवांना इजा होते. दिवस मात्र अजून ठरला नाही. एप्रिल म्हणता म्हणता सप्टेंबर होतो.

तोपर्यंत ती इथेच आहे. रविवारी दुपारी चार वाजता जेवते. ज्यांना मुलांना घेऊन यायचं असेल त्यांनी आधी फोन करावा, नंबर मंडळाच्या यादीत आहे. चहा मिळेल. टाकीत हात घालायचा नाही, आणि खिशातल्या पेनी वर दाराशीच बशीत ठेवायच्या.